सुटी पानं

टोरंटोहून दर महिन्याला खोकं येतं.
आत सुटी पानं, वर एक सूचनापत्र:
'४-१७ ते ४-२२ काढा,
४-१७ ते ४-२२.३ घाला.'
बस, इतकंच. कोण हरलं, कुणाचं घर गेलं,
त्याबद्दल अक्षर नाही.

प्रिन्स अल्बर्टच्या कोर्टातलं ग्रंथालय.
बाहेर उणे एकतीस. पार्किंगमधल्या गाड्या
इंजिन गोठू नये म्हणून वायरीनं खांबाला जोडलेल्या,
दावणीच्या गुरांसारख्या.
डोरीन हावरिशचुक चष्मा कपाळावर सरकवते,
बाइंडरच्या कड्या उघडते, खट्,
आणि कायदा बदलते.

एकोणतीस वर्षं.
संसद हात वर करते, न्यायाधीश निकाल देतात,
पण डोरीन पान घालत नाही तोवर
इथं जुनंच चालू.
(इंटरनेट आल्यापासून हे तितकंसं खरं नाही.
तिला कुणी सांगत नाही.)

या वेळी पुष्कळ आलंय.
पश्चिमेच्या प्रांतात घटस्फोटात कुत्र्याची वाटणी
आता सोफ्यासारखी करायची नाही:
त्याचं करत कोण होतं,
तो कुणाला बिचकतो, हेही बघायचं.
विमान कंपनीच्या संगणकानं गिऱ्हाइकाला शब्द दिला,
तो कंपनीला पाळावा लागला.
'तो बोलला, आम्ही नाही' हे चाललं नाही.
"छान," डोरीन म्हणते. "आता माणसांचंही बघा."

मग कौटुंबिक खंड.
जुन्या पानावर 'ताबा'.
जमिनीचा ताबा, चोरीच्या मालाचा ताबा, मुलाचा ताबा,
एकच शब्द सगळ्यांना पुरवलेला.
नव्या पानावर तो नाही, मुलाबरोबरचा 'वेळ' आहे.
ती पान उलटून बघते, मागं कुठं राहिलाय का.
चौऱ्याण्णव साली, याच इमारतीत, वरच्या मजल्यावर
तारासचा ताबा बापाकडे गेला.
सहा वर्षांचा होता. एक हातमोजा
इथल्या बाकाखाली राहिला.

करारांच्या खंडात अंगठा आलाय.
आपल्याच प्रांतातला, जवसाचा सौदा.
खरेदीदारानं कराराचा फोटो धाडला,
शेतकऱ्यानं उत्तरात नुसता अंगठा.
कोर्ट म्हणालं, ही सही.
मी गप्प राहिलो. माझ्या भाषेत
अंगठा दाखवला म्हणजे फसवलं,
आणि अंगठा उठवला म्हणजे
वाचता येत नव्हतं.

शेरीफच्या कचेरीतला एलरॉय अर्कँड
कॉफी घेऊन दारात उभा.
भिंतीवर सहाव्या तहाची नक्कल,
नावांपाशी ओळीनं फुल्या.
"आमच्या लोकांनी त्या काढल्यासुद्धा नाहीत म्हणतात.
लेखणीला बोट लावलं, झालं.
दीडशे वर्षं तुम्ही तेच वाचताय अजून,
आणि अंगठ्याचा निकाल दोन-तीन वर्षांत?"
कॉफी संपवून तो गेला.
त्याला उत्तर नको होतं, किंवा माहीत होतं.

जेवणाच्या सुटीत डोरीननं निकाल सगळा वाचला.
नुसत्या चिन्हाकडे बघू नये, असं त्यात आहे,
दोघांचे मागचे व्यवहार बघावेत.
पूर्वी 'बरं' म्हटलं की माल यायचा.
'हो' म्हटलं की यायचा.

तिनं फोन काढला.
फोर्ट मॅकमरीला तारास. तिचे प्रश्न, त्याचे अंगठे.
ईस्टरला येतोस? अंगठा.
माझ्या साठीला? अंगठा.
नाताळला? आपल्या, सात जानेवारीच्या? अंगठा.
मागचे व्यवहार: माल आला नाही.
एकदाही.
"मग ही सही नाही," ती म्हणाली,
वरच्या मजल्यावरच्या आवाजात,
आणि कड्या मिटल्या.

सहा तारखेला हार्डवेअरच्या दुकानात दिसली.
पिवळी वायर घेत होती, गाडीची.
तिच्या गाडीला एक आहे, मला ठाऊक आहे.
विक्रेत्याला विचारत होती, पंचवीस फुटी आहे का,
कारण पाहुण्याची गाडी
फाटकापाशी लागते.